दोन पत्रके, एक जन्मकथा

डिसेंबरातली गोष्ट. साताऱ्यातल्या आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत नववीचा तास संपत आला होता. एका मुलीने दप्तरातून दोन पत्रके काढली आणि आमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक तिला एसटी स्टँडवर कोणीतरी दिलेले. मराठीत छापलेले, वर तारा, खाली गव्हाणीतले बाळ आणि आत दोन रकान्यांची यादी : जुन्या करारातली भाकिते एका बाजूला, ती येशूच्या जन्मात कशी पूर्ण झाली ते दुसऱ्या बाजूला. दुसरे पत्रक तिच्या मामूंनी घरी आणलेले. उर्दूत, हिरव्या शाईचे. त्यातही दोन रकान्यांचीच यादी : बायबलातली वचने एकीकडे आणि त्यांत आमच्या रसूलुल्लाहंच्या (स.) आगमनाची खबर कशी आहे ते दुसरीकडे.

मुलगी म्हणाली, "टीचर, दोनों में एकीच किताब का हवाला है. फिर सही कौन सा?"

घंटा झाली म्हणून आम्ही त्या दिवशी सुटलो. बी.एड.ला शिकवले होते की उत्तर येत नसेल तर 'उद्या सांगते' म्हणावे आणि उद्या खरोखर सांगावे. आमचा तो 'उद्या' फार लांबला. या निमित्ताने मत्तय आणि लूक वाचून झाले, यशया वाचून झाला, सूरह मरियम नव्याने वाचली आणि मराठीत ही जन्मकथा ज्यांनी ओवीत आणली त्यांच्यापर्यंत जाणे झाले. आम्ही आलिमा नाही, पाद्री तर नाहीच. भाषा शिकवणारे आहोत. म्हणून हा लेख भाषेच्या बाजूने लिहिला आहे.

एक देखावा, दोन लेखक

नाताळात मिरजेला चर्चमध्ये किंवा ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी जो देखावा मांडतात तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आमचे माहेर मिरजेचे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचे रुग्णालय उभे केले आणि त्याच्या आसऱ्याने गावात ख्रिस्ती वस्ती वाढली. लहानपणी डिसेंबरात त्या बाजूला घराघरांवर कागदी तारे लागत. आम्ही मुली ते बघायला जायचो आणि देखाव्यातला बैल आमच्या गोठ्यातल्या बैलासारखाच आहे म्हणून खूश होऊन परतायचो.

तो देखावा एका कथेचा नाही, हे फार उशिरा कळले. गव्हाणी, मेंढपाळ, धर्मशाळेत न मिळालेली जागा, खानेसुमारीसाठी केलेला प्रवास हे सारे लूकचे. तारा, पूर्वेकडून आलेले मागी, हेरोद राजाने केलेली बालहत्या आणि मिसरला पलायन हे मत्तयचे. लूकमध्ये तारा नाही, मत्तयमध्ये गव्हाणी नाही. मत्तयचे मागी गोठ्यात जात नाहीत, ते घरात येतात. ते तीन होते असेही तो म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन झाली. यशयाच्या साठाव्या अध्यायात उंटांचे तांडे सोने आणि ऊद घेऊन येतात, बहात्तराव्या स्तोत्रात दूरदूरचे राजे नजराणे आणतात, म्हणून पुढे ते राजे झाले आणि त्यांना उंटही मिळाले. आमचा आवडता बैल आणि शेजारचे गाढव तर चारही शुभवर्तमानांत कुठेच नाहीत. यशयाच्या पहिल्याच अध्यायात एक तक्रार आहे : बैल आपला धनी ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखते, पण माझे लोक मला ओळखत नाहीत. त्या तक्रारीतून ही दोन जनावरे उठली आणि शतकांनंतर बाळाशेजारी येऊन उभी राहिली. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली नाताळचा देखावा मांडला, तेव्हा खरेखुरे बैल आणि गाढव आणले होते.

म्हणजे या देखाव्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू एखाद्या जुन्या वाक्यातून चालत आलेली आहे. याला कोणी बनवाबनवी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, कारण उर्दू शाळेत आम्ही रोज हेच शिकवतो. 'दम-ए-ईसा' म्हटले की मेलेल्याला जिवंत करणारी फुंकर, 'माह-ए-कनआन' म्हटले की हजरत यूसुफ, 'आतिश-ए-नमरूद' म्हटले की आगीची झालेली बाग. एका शब्दात आख्खी कथा येते. या अलंकाराला आम्ही तल्मीह म्हणतो. नाताळचा देखावा म्हणजे माती आणि गवत वापरून केलेली तल्मीह आहे.

त्या तीन भेटींची खूणही अशीच. सोने राजासाठी, ऊद देवपूजेसाठी आणि गंधरस मृताच्या अंगाला लावण्यासाठी, हा जुना ख्रिस्ती अर्थ. मराठी बायबलात 'ऊद' हा शब्द आहे, उर्दू बायबलात 'लोबान'. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात धूप घेतलेल्या कोणालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मागींना उर्दू बायबल 'मजूसी' म्हणते, म्हणजे कुरआनच्या सूरह हज्जमध्ये ज्यांचा उल्लेख आहे तेच अग्निपूजक. परक्या धर्माचे विद्वान आधी येतात आणि घरचा राजा तलवार काढतो, हे मत्तयचे सांगणे आहे. बेथलेहेम या नावाचा अर्थ हिब्रूत 'भाकरीचे घर', तर अरबीत बैत-ए-लहम म्हणजे 'गोश्ताचे घर'. भाकरीच्या गावात बाळाला चाऱ्याच्या गव्हाणीत ठेवले जाते. एवढ्यावरून ख्रिस्ती प्रवचनकाराला तासभर बोलता येते आणि ते ऐकण्यासारखे असते.

कुमारी आणि बतूल

आता पहिल्या पत्रकाकडे. त्याच्या यादीत सर्वात वर असते ते यशयाच्या सातव्या अध्यायातले चौदावे वचन. मत्तयने पहिल्याच अध्यायात ते घेतले आहे : कुमारी गर्भवती होईल, तिला मुलगा होईल, त्याचे नाव इम्मानुएल ठेवतील.

यशयाने हे कोणाला सांगितले? यहूदाचा राजा आहाज याला. काळ इ. स. पूर्व ७३४ च्या सुमाराचा. अराम आणि उत्तरेकडचे इस्राएल या दोन राज्यांनी मिळून जेरुसलेमवर चाल केली होती, राजाचे काळीज झाडांच्या पानांसारखे थरथरत होते आणि त्याला धीर द्यायला यशया आला होता. खूण अशी, की एक तरुणी बाळंत होईल आणि ते मूल बरे-वाईट कळण्याइतके मोठे होण्याआधी या दोन्ही राजांचे देश ओसाड पडतील. खूण आहाजसाठी होती, त्याच्या हयातीतली होती.

दुसरा मुद्दा शब्दाचा. यशयाने वापरलेला हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण मुलगी. आपल्याला ज्ञात असलेल्या अरबी 'गुलाम'चा तो नातलग. उर्दूत गुलाम म्हणजे बंदा झाला, पण मूळ अर्थ मुलगा, पोरगा. सूरह मरियममध्ये फरिश्ता हजरत मरियमला ज्याची खुशखबर देतो तो याच अर्थी 'गुलाम' आहे. कौमार्य न भंगलेली, असे नेमके म्हणायचे असेल तर हिब्रूत दुसरा शब्द आहे, 'बतूला'. तो तर आपल्या घरचाच. हजरत मरियमचा आणि बीबी फातिमाचा लकब बतूल. बतूल नावाची मुलगी आमच्या हजेरीपटावर दर दोन-तीन वर्षांनी येतेच. यशयाजवळ तो शब्द होता, पण त्याने तो वापरला नाही. पुढे ज्यूंनीच आपल्या ग्रंथांचे ग्रीक भाषांतर केले, त्यात 'अल्मा'च्या जागी 'पार्थेनोस' आले. त्याचा रोख कौमार्याकडे जास्त. मत्तय ग्रीक वाचणाऱ्यांसाठी लिहीत होता. त्याने ते घेतले.

गंमत अशी, की मराठी भाषांतरात हा पेच दिसतच नाही. 'कुमारी' या शब्दात दोन्ही अर्थ सुखाने राहतात. आम्ही हजेरीपटावर प्रत्येक मुलीच्या नावामागे 'कु.' लिहितो, तेव्हा लग्न न झालेली मुलगी एवढेच म्हणायचे असते. तोच शब्द बायबलात वाचला की अंगावर गंभीर सावली पडते. मराठीने हे जुने भांडण एका शब्दात झाकून टाकले आहे. हे चांगले की वाईट, ते वाचणाऱ्याने ठरवावे. आम्हाला ते झाकण उघडून पाहावेसे वाटले.

मत्तयची पुढची वचनेही अशीच पाहता येतात. 'मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावले' हे होशेयचे वचन पुढे काय घडेल याबद्दलचे नाही. ती मागची आठवण आहे, हजरत मूसांनी बनी इस्राईलला मिसरातून सोडवून आणले त्याची. यिर्मयाची राहेल मुलांसाठी रडते ती बाबेलच्या कैदेत नेल्या जाणाऱ्यांसाठी. मत्तयने तिचे रडणे बेथलेहेमच्या आयांना दिले. मीखा बेथलेहेमला यहूदाच्या कुळांत लहानगे म्हणतो. मत्तयने ते उद्धृत करताना 'मुळीच कनिष्ठ नाहीस' असे फिरवले. 'त्याला नासोरी म्हणतील' हे पाचवे वचन तर त्या शब्दांत जुन्या करारात कुठेच सापडत नाही.

मग मत्तय खोटे बोलला काय? दुसऱ्या पत्रकाच्या छापाचे आमचे काही भाई इथे लगेच 'तहरीफ' म्हणून पुस्तक मिटतात. आम्हाला वाटते, पुस्तक उघडे ठेवून थोडे थांबावे. उर्दू शायरीत तज़मीन नावाचा प्रकार आहे. दुसऱ्या शायराचा मिसरा घ्यायचा आणि त्याला आपले मिसरे जोडून नवा अर्थ उभा करायचा. जुना मिसरा तोच, पण आता तो वेगळेच बोलतो. मराठी वाचकाला कीर्तनाचे उदाहरण जवळचे वाटेल : पूर्वरंगात संतवचन घ्यायचे आणि उत्तररंगात आख्यान लावायचे. मत्तय हे करतो. मुले मारणारा राजा आणि मिसर आले की त्याच्या ज्यू वाचकाला फिरऔन आणि मूसा आठवतात. आपल्यालाही आठवतात, सूरह कसस आपण वाचली आहे. नवा मूसा जन्माला आला, हे मत्तयला सांगायचे आहे. त्यासाठी त्याने जुनी वचने आपल्या कथेत ओवली. तो वचनाकडून घटनेकडे गेला नाही. घटनेवर त्याचा विश्वास आधीच बसला होता, तिथून तो मागे वचनांकडे गेला.

पेशीनगोई आणि बशारत हे दोन शब्द आम्ही मुलांना वेगळे करून सांगतो. पेशीनगोई म्हणजे पुढे काय होईल ते आधी सांगणे. ती खरी की खोटी, हे तारखेवरून ठरते. बशारत म्हणजे खुशखबर, तिने ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो. 'इंजील' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ खुशखबर हाच आहे, मराठीत शुभवर्तमान. मत्तयची वचने बशारत म्हणून वाचली तर ती सुंदर आहेत. पत्रकाने त्यांची पेशीनगोई केली, गणिताच्या उत्तरासारखी रकान्यात बसवली आणि त्यांतला आहाज, त्यातली लढाई, बाबेलच्या वाटेवरची रडणारी राहेल हे सारे पुसून टाकले. आमचे भांडण मत्तयशी नाही, त्या दोन रकान्यांशी आहे.

खजुरीखाली

आता आपल्या घरी येऊ. सूरह मरियमची सुरुवात लूकसारखीच होते. म्हातारे हजरत जकरिया, वांझ बीबी, हजरत यह्याची बशारत आणि खूण म्हणून जकरियांचे न बोलणे. पण पुढे मार्ग वेगळा होतो. योसेफ नाही, बेथलेहेमचे नाव नाही, तारा नाही, राजे नाहीत. एक मुलगी एकटी दूर जागी जाते. कळा तिला खजुरीच्या बुंध्याशी आणतात आणि ती म्हणते की याआधीच मेले असते, विसरून गेलेली वस्तू झाले असते, तर बरे झाले असते.

दोन्ही शुभवर्तमानांत हे नाही. लूकची मरिया बाळंत होते, बाळाला कपड्यात गुंडाळते आणि गव्हाणीत ठेवते. कळांचा उल्लेख नाही. आम्ही स्वतः दोनदा त्या वाटेने गेलेल्या. पाठांतर म्हणून ही सूरह लहानपणापासून म्हटली होती, पण पहिल्या बाळंतपणानंतर हे शब्द म्हणताना आवाज बसला तो आजही तिथे बसतो. त्या क्षणी तिला कोणी वचन ऐकवत नाही, की तुझ्याबद्दल अमक्या नबीने आधीच लिहून ठेवले आहे. तिला सांगितले जाते : दुःख करू नकोस, तुझ्या पायाखाली झरा आहे, खजुरीचा बुंधा हलव, ताजी फळे पडतील, खा, पी, डोळे निववून घे. आमच्या दादी बाळंतिणीच्या हातात पहिल्यांदा खजूर देत त्या याच आयतीच्या भरवशावर. शेजारची मराठा आजी आपल्या सुनेला खारीक-डिंकाचे लाडू देई. दोघींचे शास्त्र एकच.

या सूरहमधले प्रतीक शोधायचे तर ते आम्हाला झाडापेक्षा बोलण्यात आणि न बोलण्यात दिसते. जकरिया तीन रात्री बोलत नाहीत. मरियम मौनाचा रोजा धरते. गावकरी बोट दाखवतात, तेव्हा ती फक्त बाळाकडे खूण करते. मोठी माणसे गप्प आणि पाळण्यातले बाळ बोलते : मी अल्लाहचा बंदा आहे, त्याने मला किताब दिली, मला माझ्या आईशी नेकीने वागणारा केले. मत्तयने साक्ष जुन्या ग्रंथांतून काढली, इथे साक्ष बाळाच्या तोंडून येते. म्हणून इथे यशयाची गरजच पडत नाही. आम्ही मुसलमान हजरत मरियमचे कौमार्य मानतो, तेही 'अल्मा' की 'बतूला' या वादात न पडता. त्यामुळे तो वाद आपण शांतपणे ऐकू शकतो. त्यात आपले काही पणाला लागलेले नाही.

हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, की मरियमपुढे वाकणारी खजूर ख्रिस्ती लोकांच्या जुन्या कथांतही आहे, शुभवर्तमानांबाहेरच्या. तिथे ती मिसरच्या वाटेवर भेटते. कथा या माणसांसारख्या असतात, शेजाऱ्यांकडे जातात-येतात. हजरत जाफर यांनी हबशाच्या ख्रिस्ती राजापुढे, नज्जाशीपुढे, हीच सूरह म्हटली आणि राजा रडला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मक्केतून जीव मुठीत घेऊन गेलेल्या त्या पहिल्या मुहाजिरांनी नज्जाशीपुढे भाकितांची यादी ठेवली नव्हती. एका आईची गोष्ट ऐकवली होती.

मराठीतला पूल

ही जन्मकथा मराठीत आली ती थेट ओवीत. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, दुसऱ्यात ५९. पहिले पुराण जुन्या कराराचे, तारणाऱ्याची वाट पाहण्याचे. दुसरे ख्रिस्ताचे. म्हणजे ग्रंथाचा तिसरा हिस्सा केवळ भाकितांची जमीन नांगरण्यात गेला. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. त्याच शतकाच्या आगेमागे श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' ओवीतच लिहीत होते. ओवीने कोणालाही धर्म विचारला नाही.

पण त्या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रश्न येतो तो आम्हाला सोडत नाही. ऐकणाऱ्यांपैकी एक जण पाद्रीला विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्याजागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले होते, १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. त्या मोकळ्या केलेल्या जागेवर हे सुंदर पुराण उभे आहे. स्टीफन्सचे मराठीवरचे प्रेम खरे होते, त्याच्या ओव्या शाळेच्या मुलांच्याही तोंडी आल्या. तरीही ओवी घेतली आणि ओवीतले जुने घर बंद केले, हे टीकाकाराने लिहिले पाहिजे. मिसरा घेतला आणि मूळ गझल गावाबाहेर काढली, तर ती तज़मीन राहत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट धरली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा चित्तपावन कवी म्हणे, की तुकोबाच्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायांशी आलो. पूल त्यांनी पाडला नाही. संतांची वचने हाच आपला पहिला जुना करार, असे ते मानत. १९१७ साली ते आमच्या साताऱ्यात आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे साडेदहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर घरीच अक्षरे गिरवायला शिकलेली बाई नवऱ्याचे महाकाव्य पुरे करते आणि १९३८ मध्ये ते तिच्या मृत्यूनंतर छापून येते. 'स्मृतिचित्रे' सगळ्यांनी वाचली. 'ख्रिस्तायन' वाचणारे कमी.

टिळकांची भूमिका आम्हाला स्टीफन्सपेक्षा जास्त आवडते, पण तिच्यातही तीच हालचाल आहे. यशया मत्तयसाठी लिहीत होता असे मत्तयला वाटले, तुकाराम आपल्यासाठी गात होते असे टिळकांना वाटले. वारकऱ्याला ते पटेल का? पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याला कोणी सांगितले, की तुझा अभंग ही आमच्या ग्रंथाची प्रस्तावना आहे, तर त्याला काय वाटेल?

आणि यशयाचे मूळ मालक? ते तर आपल्या महाराष्ट्रातच होते, आजही थोडे आहेत. कोकणातले बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी, त्यांचा यशया तोच, आणि त्यांच्या लेखी त्या सातव्या अध्यायात बेथलेहेमचे बाळ नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला ते हजरत इलियासांच्या, त्यांच्या भाषेत एलियाहू हन्नावींच्या नावाने मलिदा करतात. फातिहाचा मलिदा खाल्लेल्या वाचकाला हे नाते वेगळे सांगायला नको. भाकिताची यादी छापताना या लोकांना कोणी विचारत नाही.

आमची यादी

इतके लिहून दुसऱ्या पत्रकावर गप्प राहिलो तर हा लेख अर्धाच खरा होईल. हिरव्या पत्रकात योहानाच्या चौदाव्या अध्यायातला 'पाराक्लेतोस', म्हणजे कैवारी, घेऊन म्हटले आहे की मूळ शब्द 'पेरिक्लुतोस', प्रशंसित, म्हणजे अहमद. ग्रीकमध्ये एवढा बदल सोपा आहे, पण तसा शब्द असलेले योहानाचे एकही जुने हस्तलिखित सापडलेले नाही. मत्तयने 'अल्मा'चे 'पार्थेनोस' घेतले म्हणून हसणारे आम्ही, इथे आपल्या हाताने अक्षरे बदलतो. मत्तयच्या हाती निदान एक छान जुने भाषांतर होते.

हजरत ईसांनी अहमद नावाच्या रसूलची बशारत दिली हे आपण मानतो, कारण सूरह सफ्फमध्ये ते आहे. आपला ईमान तिथून येतो. तो ग्रीक शब्दाच्या स्पेलिंगवर उभा करायचा आणि ते स्पेलिंग डगमगले की मुलांचा ईमान डगमगू द्यायचा, ही ईमानाची सेवा नव्हे. उर्दू शायरीत दुसऱ्याचा मिसरा अवतरणचिन्हात घालतात. न घालता वापरला तर त्याला सरका म्हणतात, म्हणजे चोरी. शेजाऱ्याच्या किताबातून वचन घेताना एवढे अवतरणचिन्ह आपण जरूर घालावे : हे वाक्य त्यांचे आहे, त्यांच्या घरी त्याचा असा अर्थ आहे, आणि आम्हाला त्यात असे ऐकू येते. आपल्या पाक किताबाची तुटकी वाक्ये दुसऱ्यांनी पत्रकांत छापली की आपल्याला काय वाटते ते आपण जाणतो. मागचे-पुढचे वाचा, असे आपण ओरडून सांगतो. तोच हक्क यशयालाही आहे.

त्या मुलीला आम्ही शेवटी एवढेच सांगितले, की दोन्ही यादींतले वचन निवड आणि त्याच्या भोवतीचा सगळा अध्याय वाच. यशयाचा सातवा, योहानाचा चौदावा, आणि तर्जुम्यासह पूर्ण सूरह मरियम. मराठी बायबल आमच्याजवळचे दिले. चार दिवसांनी तिचे मामू शाळेत आले. "टीचर, आप बच्ची को क्या पढ़ा रहे?" आवाज चढलेला होता. आम्ही त्यांना बसवले आणि नज्जाशीची गोष्ट काढली. त्यांना ती आमच्यापेक्षा चांगली येत होती, अर्धी त्यांनीच सांगितली. पुस्तक त्यांनी परत केले नाही आणि पुन्हा देऊ नका असेही म्हणाले नाहीत. चहा न घेता गेले.

मुलगी पुढच्या आठवड्यात आली. म्हणाली, "टीचर, यशया के सातवें बाब में तो जंग चालू है. बच्चा तो बीच में आता है." आम्ही म्हणालो, "हो. आता आठवा वाच."